जसं बोलला तसं

३ मार्च, सोमवार

ही वही रुकसाना मॅडमच्या सांगण्यावरून. त्या माझ्या नवऱ्याच्या, सुदर्शनच्या, स्पीच थेरपिस्ट. सदाशिव पेठेतच त्यांचा दवाखाना आहे. आम्ही दोघं चालत जातो, तो माझ्या डाव्या हाताला, स्कूटरवाल्यांपासून लांब.

"घरातल्या एकानं रोज लिहून ठेवायचं," त्या म्हणाल्या. "ते काय बोलले, कसं बोलले. जसं बोलले तसं हं. सुधारून नाही."

सुधारून नाही! मी जन्मभर दुसऱ्यांची प्रुफं तपासत आले आहे. हॉटेलातलं मेनूकार्डसुद्धा मी पेन शोधत वाचते.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी त्याला पक्षाघाताचा झटका आला. हातपाय बरेचसे सावरले. भाषा सावरली नाही. डॉक्टर म्हणतात, त्याला सगळं समजतं, विचार जागच्या जागी आहेत, फक्त शब्दाला शब्द जोडणारा टाका उसवला आहे. वाचाघात म्हणतात ह्याला. कोणी नाव ठेवलं असेल ह्या आजाराला? फार बरोबर ठेवलं.

आज सकाळी बोलला : "चहा... झाला... मी."
(माझा चहा झाला.)
दुपारी : "खिडकी बंद. ऊन येतो... येते."
(खिडकी बंद कर. ऊन येतं आहे.)

कंसातलं माझं. दोन्ही शेजारी असलेलं बरं, म्हणजे अंतर किती राहिलं ते दिसेल.

७ मार्च, शुक्रवार

शुक्रवार हा आमच्या घरी अर्जांचा वार होता. सुदर्शन हिंजवडीतल्या एका कंपनीत मराठी विभागाचा प्रमुख आहे. शाळेतल्या मुलांना फोनवर ऐकता-बघता येतील असे धडे तिथे तयार होतात. ते लिहिणारी, बोलणारी माणसं तो निवडतो. त्याचा नियम साधा आहे. अर्जाच्या पहिल्या पानावर व्याकरणाच्या चुका दिसल्या की तो अर्ज बाजूला. सोबत पाठवलेला नमुना-धडा ऐकायचासुद्धा नाही. शुक्रवारी कंपनीच्या बसमधून उतरून घरी आला की जेवताना तो ह्या बाजूला पडलेल्यांपैकी एक-दोन गमती सांगायचा. नाव कधी सांगायचा नाही, तेवढं पथ्य होतं.

"'मला शिकवण्याचा दहा वर्षांचा अभाव आहे,'" तो गंभीर चेहऱ्याने म्हणायचा. आमची निकिता तेव्हा शाळेत होती. ती ताटावर वाकून हसायची. मीही.

आज निकिता सहज म्हणाली, "बाबा, शुक्रवार." आणि मग तिचं तिलाच कळलं. मी सगळ्यांना भात वाढला. थोड्या वेळाने सुदर्शन भाताकडे बघत म्हणाला, "लोक... मी... हसला."
(मी लोकांना हसलो.)

मी हळूच म्हटलं, "हसलो." त्याने मान हलवली. पुन्हा म्हणून बघितलं नाही.

१६ मार्च, रविवार

अझीम आला होता. अझीम अत्तार, ऑफिसात सुदर्शनच्या हाताखालचा. सुदर्शन आजारी पडल्यापासून विभाग तोच बघतो, तात्पुरता. गंज पेठेत त्याच्या पणजोबांपासूनचं घर. मी सवयीने चहा पुढे केला.

"वहिनी, रोजा आहे. माझा कप सरांना द्या. दोन कप होतात, पण डॉक्टरांना आपण सांगणार नाही."

"दोन... बरा," सुदर्शन म्हणाला आणि हसला.
(दोन बरे.)

ह्या दोघांचं भांडण मी कितीतरी वर्षं ऐकते आहे. अझीम म्हणायचा, "सर, तुमची चाळणी इतकी बारीक की कोंड्याबरोबर पीठही वरच राहतं." सुदर्शन म्हणायचा, "पिठात खडा गेला तर दात मुलांचा तुटतो, अझीम, तुझा नाही." मला सुदर्शनचं पटायचं. अजून पटतं. स्वतःचा अर्ज दुसऱ्यांदा वाचावासा ज्याला वाटत नाही, त्याने मुलांपुढे कशाला उभं राहायचं?

आज अझीमने फोनवर एक धडा लावला. भाग्यश्री नावाची मुलगी आहे, वाशीमकडची. मागच्या वर्षी तिचा अर्ज बाजूला पडला होता. ह्या वर्षी अझीमने तिला चार महिन्यांच्या बोलीवर घेतलं आहे. अपूर्णांक शिकवत होती. "आईनं भाकर केली. चार तुकडे केले. बाळूनं दोन खाल्ले, आन् वर म्हणते कसा, मी अर्धीच खाल्ली! खोटं बोल्ला का तो?" असं काहीतरी.

सुदर्शनने पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. त्याचा चेहरा लहान मुलासारखा उघडा झाला होता.

"मूल... कळते," तो म्हणाला. "घे. हे मुलगी घे."

"घेतलीय, सर. कायम करून घ्यायचंय आता."

"घे. घे."

मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. दोन मिनिटांच्या धड्यात मला ठायीठायी खडे लागत होते, आणि त्याला एकही नाही. शब्द गेले ते मी कसंबसं सोसलं. पण त्याला आता चुका दिसतही नाहीत, हे आज कळलं. कानही गेला त्याचा. हे कोणाला सांगू?

२ एप्रिल, बुधवार

रुकसाना मॅडम आज मला बोलल्या. गोड बोलल्या, पण बोलल्या.

"तुम्ही शब्द पुरवता त्यांना."

"मी थांबते की."

त्यांनी मागच्या आठवड्यातलं आमच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग लावलं. सुदर्शन "मी... दु..." म्हणतो आणि माझा आवाज येतो, "दुकानात गेलो होतो." तो "भा..." म्हणतो, माझा आवाज, "भाजी." तिसऱ्यांदा तो नुसता श्वास घेतो आणि मी बोलते.

"ताई, त्यांना चुकू द्या ना. चुकलेलं वाक्य हे त्यांचं चालणं आहे. लंगडतायत, पण पाय त्यांचे आहेत."

मला पटलं. तिथे बसल्यावर सगळंच पटतं. पण मग रस्त्यावर चष्म्याच्या दुकानातला मुलगा त्याला विचारतो, "काका, काय हवंय?" आणि तो तोंड उघडून उभा, आणि मागची बाई घड्याळ बघते. तेव्हा मी काय करायचं? बुडणाऱ्याला हात द्यायचा नाही?

१२ एप्रिल, शनिवार

बुधवार पेठेत गेले होते, अप्पा बळवंत चौकात. वाक्यांचे तक्ते हवे होते. चित्र आणि खाली पूर्ण वाक्य, पहिली-दुसरीचे.

"कितवीत आहे मूल?" दुकानदाराने विचारलं.

"मोठं आहे."

"मोठं आहे तर पुस्तक न्या. तक्ते भिंतीला असतात." मग माझ्या तोंडाकडे बघून त्याने मुकाट्याने गुंडाळून दिले.

ह्याच चौकात मी सुदर्शनला पहिल्यांदा पाहिलं. मी एका प्रकाशकाकडे प्रुफं तपासायची, आणि तो त्याच्या पहिल्या पुस्तकातला, मी काढून टाकलेला एक स्वल्पविराम परत मागायला जिना चढून आला होता. तासभर भांडला. "तो स्वल्पविराम म्हणजे माझा श्वास आहे, बाई." मी दिला नाही. पुढे लग्न केलं.

घरी येऊन तक्ते लावले. मुलगा पेरू खातो. ताई झाडाला पाणी घालते. सुदर्शनने बराच वेळ बघितले. मग म्हणाला, "शाळा?"
(ही शाळा आहे का?)

२३ एप्रिल, बुधवार

आज माझ्याशी जवळजवळ बोलला नाही. निकिताशी बोलला. मी आत कपड्यांच्या घड्या करत होते, ऐकू येत होतं.

"बाबा, मॅच?"

"हरला."

"कोण हरला?"

"आपण. नेहमी."

दोघं हसत सुटले. "आपण नेहमी!" निकिता म्हणाली. "बाबा, हे टीशर्टवर छापू या." मी बाहेर गेले तसे थांबले. मी विचारलं, काय झालं? सुदर्शनने माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्यासमोर तो लवकर दमतो. निकितासारखं अर्धवट बोलून मला चालवून घेता येत नाही, म्हणून असेल. मला तो पूर्ण हवा आहे. हे मागणं जास्त आहे का?

६ मे, मंगळवार

अझीमचा फोन. ह्या महिन्याअखेर वैद्यकीय रजा संपते. त्याच्या डोक्यात एक आहे. सुदर्शनने आठवड्यातून तीन दिवस जायचं आणि फक्त ऐकायचं. तयार झालेले धडे, अर्जांसोबत आलेले नमुने. आवडलं की 'घे', नाही तर 'नको'. बाकी लिखापढी अझीम करणार.

"संचालक मॅडम तयार होतील, वहिनी. वाचाघात म्हणजे काय ते मी त्यांना समजावून सांगितलंय. पण त्यांना सरांचंच काहीतरी हवंय. सरांना दोन ओळी लिहू द्या, जमतील तशा. त्या वाचल्या की काम कसलं द्यायचं ते त्यांचं त्यांनाच कळेल."

सुदर्शनला सांगितलं तर तो उठून उभाच राहिला. "मी... जातो! जातो!" संक्रांतीनंतर पहिल्यांदा त्याने स्वतःहून दाढी केली.

९ मे, शुक्रवार

सगळी दुपार तो लॅपटॉपसमोर होता. एका बोटाने. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. मी पाणी ठेवलं तर हाताने पडदा धरल्यासारखं करून स्क्रीन झाकला, परीक्षेतल्या मुलासारखा. झाल्यावर मला हाक मारली. चेहऱ्यावर असा आनंद होता की मला आधी त्याच्याकडेच बघावंसं वाटलं.

त्याने लिहिलं होतं :

"मी सुदर्शन. आजारी होता. आता कान बरा. डोकं बरा. बोलणे मोडका. लिहिणे पण मोडका. धडा ऐकतो, चांगला वाईट कळते. ऐकायचा काम द्या. मी येतो."

मी वाचलं. छान आहे म्हटलं. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले.

हे कसं पाठवायचं? ज्याचा एक शब्द इकडचा तिकडे झालेला कोणी पाहिला नाही, त्याचं हे? ती माणसं शुक्रवारी घरी जाऊन जेवताना हे वाचून दाखवणार नाहीत कशावरून? नाव सांगणार नाहीत, तेवढं पथ्य पाळतील.

तो आंघोळीला गेल्यावर मी बसले. त्याचा एकही मुद्दा सोडला नाही, फक्त नीट केलं. त्याचे जुने मेल शेजारी उघडून ठेवले, म्हणजे वळण त्याचंच राहील. 'गेल्या काही महिन्यांच्या सक्तीच्या विश्रांतीनंतर मी आता पुन्हा कामास सज्ज आहे. श्रवण आणि आकलन ह्यांवर आजाराचा काहीही परिणाम झालेला नाही.' असं. मोडक्याचं मात्र 'बोलण्यात किंचित संथपणा जाणवेल' एवढंच ठेवलं. ऐकायच्या कामाचं 'कोणतीही जबाबदारी आनंदाने स्वीकारेन' झालं. शेवट त्याच्यासारखा व्हावा म्हणून एक वाक्य घातलं : 'भाषेच्या शुद्धतेविषयीचा आपल्या विभागाचा आग्रह ह्यापुढेही तसूभर ढळणार नाही, ह्याची खात्री बाळगावी.' ते वाक्य लिहिताना मला तो परत आल्यासारखा वाटला. त्याचा आवाज ऐकू आला.

त्याला दाखवलं. सावकाश वाचलं त्याने, बोट ठेवून.

"हे... मी... नाही."
(हे मी लिहिलेलं नाही.)

"अरे, तुझंच आहे. मी फक्त इस्त्री केली."

"मी... नाही," तो पुन्हा म्हणाला. बोट त्या शेवटच्या वाक्यावर होतं. पुढे काहीतरी म्हणायचं होतं, ओठ हलले, शब्द येईना. मी ह्या वेळी थांबले, रुकसाना मॅडमनी सांगितलंय तशी. बराच वेळ थांबले. काही आलं नाही. मग पाठवण्याचं बटण दाबलं. तो शेजारीच होता. त्याने अडवलं नाही.

१५ मे, गुरुवार

उत्तर आलं! संचालक मॅडमनी स्वतः लिहिलं आहे. 'आपली प्रकृती इतकी सुधारल्याचे वाचून आनंद झाला. आपले पत्र वाचता हलक्या कामाची आवश्यकता दिसत नाही. दोन जूनपासून पूर्ववत कार्यभार स्वीकारावा. नव्या वर्षाच्या मुलाखती त्याच दिवशी आपल्या अध्यक्षतेखाली होतील.'

मी मोठ्याने वाचून दाखवलं. शिरा केला. सुदर्शनने शिरा खाल्ला नाही.

संध्याकाळी अझीमचा फोन. "वहिनी, मेल कोणी लिहिला?"

"सुदर्शनने."

"सगळा?" त्याने विचारलं.

"मी थोडा नीट केला."

"मला मोडकाच हवा होता, वहिनी. मोडका म्हणूनच हवा होता." मग म्हणाला, "भाग्यश्रीला कायम करायचं वरून थांबवलंय. सरांचा आग्रह कायम आहे म्हणे, त्यांनी स्वतः लिहिलंय. महिनाअखेर ती जाणार."

"नियम तर पहिल्यापासून तोच आहे," मी म्हटलं.

"हो ना," अझीम म्हणाला. "नियम."

फोन ठेवल्यावर राग आला. 'तात्पुरता' पुसलं जाईल अशी आशा असणार त्याला. माणसाने मनातलं असं उघडं तरी पडू देऊ नये.

२४ मे, शनिवार

मुलाखतींच्या सुरुवातीला त्याने बोलायचं आहे. मी पाच सोपी वाक्यं लिहून दिली आहेत. पहिलं : 'नमस्कार. पुन्हा एकदा आपल्यात येताना मला मनापासून आनंद होत आहे.' रोज सकाळी आणि संध्याकाळी घोकतो. पहिलं आता इतकं पक्कं बसलं आहे की डोळे मिटून ऐकलं तर वाटतं काही झालंच नव्हतं. दुसरं आज अर्धं आलं.

निकिता चिडली. "आई, तू पोपट करतेयस बाबाचा. ही इज नॉट डम्ब. त्याला नुसतं 'घे', 'नको' म्हणू दे ना तिकडे."

"अध्यक्षाने 'घे', 'नको' म्हणायचं?"

"का नाही?"

ती वीस वर्षांची आहे. लोक कसे बघतात ते तिला अजून माहीत नाही.

झोपायच्या आधी त्याने विचारलं, "भाकरी... मुलगी?"
(भाकरीच्या धड्याची मुलगी कशी आहे?)

"आहे ना," मी म्हटलं. आता त्याच्या डोक्याला आणखी काही नको.

२ जून, सोमवार

मी बरोबर गेले. सांगितलं की बाहेरच बसेन. मुलाखतींची खोली काचेची होती. मला ऐकू येत नव्हतं, दिसत होतं.

तो उभा राहिला. निळा शर्ट, मीच इस्त्री केलेला. ओठ हलले आणि मला ओठांवरून कळलं, पहिलं वाक्य. बरोबर आलं. मी हात जोडले, कोणाला ते माहीत नाही. मग तो थांबला. मग पुन्हा ओठ हलले, आणि ते पुन्हा पहिलंच वाक्य होतं.

एक उमेदवार आला, बोलला. संचालक मॅडमनी सुदर्शनकडे वळून काहीतरी विचारलं. त्याचे ओठ पुन्हा तसेच हलले. नमस्कार. पुन्हा एकदा आपल्यात. टेबलाभोवतीची माणसं एकेक करून कागदांकडे बघायला लागली. कोणी हसलं नाही. हसले असते तर मी आत गेले असते. सुदर्शनने तळहाताने तोंड दाबून धरलं, आतून येणारं थांबवायला, पण ते बोटांमधून येतच होतं. अझीम उठला, त्याच्या खांद्याला धरून त्याला बाहेर घेऊन आला.

"नमस्कार," सुदर्शन मला म्हणाला. "पुन्हा एकदा..." त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

परतीच्या वाटेवर हिंजवडीचा चौक तुंबला होता. टॅक्सी हलत नव्हती. मी त्याचा हात धरला होता. त्याने हात काढून घेतला नाही, पण धरलाही नाही.

आज कंसात लिहिण्यासारखं काही नाही. वाक्य बरोबरच होतं.

५ जून, गुरुवार

कंपनीतून फोन. आवाज तरुण मुलीचा, नम्र. "मॅडम, तो मेल नक्की सरांनीच लिहिला होता का? म्हणजे, आमच्याकडे दिशाभूल झाल्याची नोंद होते आहे. सरांनी स्वतःहून राजीनामा दिला तर सगळ्यांनाच सोपं जाईल." मी म्हटलं, तुम्ही माणसाची भाषा मोजता, माणूस मोजत नाही. ती म्हणाली, "मॅडम, नियम सरांनीच घालून दिलेत."

८ जून, रविवार

अझीम आला. काल त्यांची ईद झाली. डबा घेऊन आला होता, पण बसला कोपऱ्यात, परक्यासारखा.

"काही करता येणार नाही का?" मी विचारलं.

"त्यांचं मोडकं आलं असतं तर ते हातात घेऊन मी भांडलो असतो, वहिनी. म्हटलं असतं, बघा, बोलता येत नाही, पण ऐकता येतंय, हे काम द्या. आता काय दाखवू? त्यांचं आजवरचं सगळ्यात सुंदर पत्र?"

"माझ्या जागी कोणीही तेच केलं असतं, जे मी केलं."

"असेल," तो म्हणाला.

सुदर्शन ऐकत होता. मग त्याने अझीमच्या गुडघ्यावर हात ठेवला. "भाकरी... मुलगी?"

अझीमने माझ्याकडे बघितलं. मी त्याला नजरेने नको म्हटलं. त्याने ऐकलं नाही.

"गेली, सर. वाशीमला परत. नियमात बसली नाही."

"नियम... कोण?"

"तुमचा, सर. तुमच्या मेलमध्ये होता."

सुदर्शन खूप वेळ भिंतीकडे बघत राहिला, जिथे ताई झाडाला पाणी घालते. मग माझ्याकडे वळला. अझीमकडे नाही, माझ्याकडे.

"मी... नाही," तो म्हणाला.

मी पेन हातात घेऊन बसले आहे. कंसात काय लिहायचं ते कळत नाही.

११ जून, बुधवार

राजीनाम्याची आज शेवटची तारीख होती. मी लॅपटॉप त्याच्यासमोर ठेवला. म्हटलं, "तुला हवा तसा लिही. मी वाचणारसुद्धा नाही. एका अक्षराला हात लावणार नाही, शपथ." आणि खरंच खुर्ची वळवून खिडकीकडे तोंड करून बसले. खाली कोणीतरी क्लासच्या मुलांना गाड्या नीट लावा म्हणून ओरडत होतं. बटणांचा आवाज येईल म्हणून मी वाट बघत होते. आला नाही. वळून पाहिलं तर त्याने लॅपटॉप माझ्या बाजूला सरकवला होता.

"तू लिही," तो म्हणाला.

न अडखळता. मध्ये श्वास न घेता. झटक्यानंतर माझ्याशी बोललेलं पहिलं स्वच्छ वाक्य. कर्ता, क्रियापद, सगळं जागच्या जागी. सुधारायला काही नाही.

मी लिहिलं. एकही चूक नाही.

३० जून, सोमवार

रुकसाना मॅडमना वही दाखवली. सुदर्शन बाहेर बाकावर बसला होता. आता तो आत यायला तयार नसतो. त्यांनी पहिल्यापासून पानं उलटली. कुठे हसल्या, 'आपण, नेहमी'पाशी असेल. कंसांवरून बोट फिरवत गेल्या. अकरा जूनच्या पानाशी आल्या, पान उलटलं, मग आणखी एक, आणखी एक.

"पुढचं कोरं का, ताई? लिहायचं सोडलंत?"

"नाही," मी म्हटलं. "जसं बोलला तसंच लिहिलं आहे."